बोर्निओला जायचं ठरवलंय? विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

मे महिन्याच्या सुट्टीची चौकशी करताना बरेच जण सांगतात, "तिकिटं काढून झाली आहेत, आता बाकीचं तुम्ही बसवून द्या." ऑफरमध्ये मिळालेली ही तिकिटं बहुधा मुंबई–क्वालालंपूर–मुंबई अशी, पाच रात्रींची असतात. बोर्निओच्या सहलीचं गणित इथेच फिसकटतं.

आम्ही नेतो ती बोर्निओ बेटावरची मलेशियाची दोन राज्यं, साबा आणि सारावाक. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. क्वालालंपूरला विमान बदलून साबातलं कोटा किनाबालू अडीच तास, सारावाकमधलं कुचिंग पावणेदोन तास. जाण्यायेण्यातच दोन दिवस सरतात. पाच रात्रींत दोन्ही राज्यं, वर क्वालालंपूरची खरेदी, असा कार्यक्रम आम्ही करून देत नाही. त्यात जंगल गाडीच्या काचेतूनच दिसतं.

सहलीचा कणा म्हणजे साबातली किनाबातांगान नदी. दोन्ही काठांच्या मागे पाम तेलाचे मळे पसरल्यामुळे जंगल नदीलगतच्या पट्ट्यात उरलं आहे, आणि प्राणीही त्या पट्ट्यातच आहेत. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं दिवसभर आत चरतात आणि संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. त्यामुळे होडी चारच्या सुमारास निघते, नाही तर पहाटे सहाला. भर दुपारी नदीवर काही दिसत नाही. एक रात्र राहिलात तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ हाती लागते. त्यात पाऊस आला की अर्धं गेलं. दोन रात्रींत होडीच्या चार फेऱ्या होतात, धनेशाच्या आठ जातींपैकी काही तरी दिसतातच, आणि बुटके हत्ती त्या भागात आलेले असतील तर तेही. हत्तींची खात्री आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर जरा विचार करा.

आता ही साखळी पाहा. सांडाकान शहराजवळच्या सेपिलोकच्या ओरांगउटान केंद्रात (स्थापना 1964) फळं ठेवण्याच्या वेळा सकाळी दहा आणि दुपारी तीन. दहाची वेळ गाठायची, शेजारीच असलेलं सूर्य-अस्वलांचं केंद्र बघायचं, जेवायचं आणि दुपारी लॉजच्या गाडीने नदीकाठच्या सुकाऊ गावाकडे निघायचं. रस्ता दोन-अडीच तासांचा, म्हणजे चारची होडी मिळते. तुमचं सांडाकानचं विमान दुपारचं असेल तर दहाची वेळ, लॉजची गाडी आणि पहिली होडी, तिन्ही चुकतात. पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम आम्ही सेपिलोकलाच ठेवतो. "शहरातलं मोठं हॉटेल का नाही?" असं विचारलं जातं. लॉज साधं आहे, पण केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रानात फळांचा बहर असला की ओरांगउटान फळांच्या मचाणाकडे फिरकत नाहीत. जंगलात त्यांचं पोट भरतंय, ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या दिवशी तुमची निराशा होऊ शकते. कुचिंगजवळच्या सेमेंगोहच्या ओरांगउटान केंद्रातही तेच. दोन्ही राज्यं केलीत तर दोन संधी मिळतात.

म्हणून तिकीट काढायचं ते असं: जाताना मुंबई–क्वालालंपूर–कोटा किनाबालू, येताना कुचिंग–क्वालालंपूर–मुंबई. फक्त साबा करायचं तर किमान सहा रात्री, दोन्ही राज्यांना नऊ ते दहा. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर क्वालालंपूरला इमिग्रेशन करून सामान ताब्यात घ्यायचं, कदाचित टर्मिनल बदलायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. त्याला मध्ये चार तास तरी हवेत. आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत. साबा आणि सारावाकची इमिग्रेशन तपासणी स्वतंत्र आहे, त्यामुळे क्वालालंपूरहून कोटा किनाबालूला आणि तिथून कुचिंगला जातानाही तो दाखवावा लागतो. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, ते आम्ही तुमच्यासोबत बसून भरतो.

सारावाकमध्ये लाँगहाऊसमधली एक रात्र आम्ही आग्रहाने घालतो. गिरगावातल्या चाळीसारखी एकच लांब गॅलरी, तिला रुआइ म्हणतात, आणि तिच्यावर उघडणारी एकेका कुटुंबाची दारं. हे लोकांचं राहतं घर आहे, देखावा नव्हे. चपला बाहेर काढा, फोटोआधी विचारा. तांदळाची तुआक ही दारू पुढे केली जाते. घेत नसाल तर पेला ओठांना लावून परत द्या, कुणाला वाईट वाटत नाही. 1 आणि 2 जूनला गावाइ हा कापणीनंतरचा सण असतो आणि आपल्या शाळांना तेव्हा सुट्टीच असते. लाँगहाऊस बघायला याहून चांगले दिवस नाहीत. मात्र ड्रायव्हर आणि वाटाडे घरी गेलेले असतात, तेव्हा ही तारीख फार आधी कळवा.

शाकाहारी मंडळींसाठी: भात आणि भाज्या भरपूर मिळतात, पण मिडिन नावाची नेच्याची कोवळी भाजी किंवा कांगकुंग ही पालेभाजी परतताना बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, सर्रास घालतात. ती दिसत नाही, वासाने कळते. "ताक महू बेलाचान", म्हणजे "बेलाचान नको", एवढं पाठ करा. लॉजना आम्ही आधी लेखी कळवतो, पण रस्त्यावरच्या हॉटेलात तुम्हालाच सांगावं लागेल. जैन जेवणासाठी कोरडा शिधा सोबत घ्या.

पाऊस बाराही महिने असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात जास्त, समुद्रही खवळलेला. कुचिंगजवळच्या बाको राष्ट्रीय उद्यानात होडीशिवाय जाता येत नाही, म्हणून नाताळच्या सहलीत आम्ही ते धरत नाही. जीन्स नको, वाळत नाही. पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे आणि गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे घ्या. तिथल्या काही जळवा पानांवर कमरेच्या उंचीवर बसतात, सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांनीही मोजे टाळू नयेत. मोजे आमच्याकडे मिळतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी महिनाभर तुमच्या डॉक्टरांना विचारा. माउंट किनाबालू (4,095 मीटर) चढायचा असेल तर परवाना आणि गाइड सक्तीचे आहेत आणि मुक्कामाच्या जागा मोजक्या, म्हणून तो वेगळा कार्यक्रम आम्ही काही महिने आधी ठरवतो.

फोन करताना एवढं सांगा: एकूण रात्री किती, सोबत साठीच्या पुढचं किंवा आठ वर्षांखालचं कुणी आहे का, खाणं कसं, आणि सुट्टीच्या तारखा दोन-तीन दिवस मागेपुढे होऊ शकतात का. त्यावरून होडीच्या वेळा, मग लॉज आणि शेवटी विमान, या क्रमाने आम्ही दोन दिवसांत आराखडा पाठवतो. त्याचे पैसे घेत नाही. तिकीट आमच्याकडूनच काढा असाही आग्रह नाही. आराखडा हातात आल्यावर स्वस्त मिळेल तिथून काढा.