कुत्र्याचा संसर्गजन्य कॅन्सर माणसाला होत नाही

‘कुत्र्याला लागणीचा कॅन्सर झालाय, घरात लहान मूल आहे, कुत्र्याला बाहेर सोडा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि त्यापायी बरी होऊ शकणारी कितीतरी कुत्री रस्त्यावर येतात.

हा आजार म्हणजे टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर), म्हणजे मुख्यतः समागमातून पसरणारी कॅन्सरची गाठ. भटक्या कुत्र्यांमध्ये तो आपल्याकडे बराच आढळतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते आणि रक्ताचे थेंब पडत राहतात. मादी असेल तर ‘माजावर आली असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. तो पसरतो हे खरं, पण कुत्र्याकडून कुत्र्याला: समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून. इथे विषाणू नसतो. कॅन्सरच्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात. त्या पेशी मूळच्या हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या आहेत! माणसाच्या शरीरात त्या रुजत नाहीत.

आणि हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध, साधारण 4 ते 6 डोस. औषध शिरेबाहेर सांडलं तर जखम होते, म्हणून ते पशुवैद्यानंच द्यायचं. अधूनमधून रक्ततपासणीही लागते.

काळजी घ्यायची ती औषधाची. डोसनंतर काही दिवस शी-शू हातमोजे घालून साफ करा. गरोदर बाई आणि लहान मुलांना त्यापासून लांब ठेवा. घरात दुसरा कुत्रा असेल तर गाठ जाईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. नसबंदी कधी करायची, हे पशुवैद्यांना विचारून ठरवा.