सरकारी फाईल कोर्टात मागवायची असेल तर

सगळ्याच कागदांसाठी कोर्टाला साकडं घालावं लागत नाही. सातबारा किंवा मंजुरीचा आदेश यांची प्रमाणित प्रत कार्यालयातूनच मिळते. फाईलमधल्या टिप्पण्यांसाठी आधी माहिती अधिकारात अर्ज करा (फी १० रुपये, मुदत ३० दिवस). लेखी नकार आला, तर तो पुढे कोर्टातल्या अर्जाला जोडता येतो.

कोर्टामार्फत कागद मागवणं हा मुख्यतः पक्षकाराचा मार्ग आहे. सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ लागतो (इथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतलं प्रकरण). नियम १२ खाली सरकारने आपल्याकडचे कागद शपथेवर सांगायचे, नियम १४ खाली ते हजर करायचे. नियम १२ च्या अर्जाला तुमचं शपथपत्र लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. सरकार पक्षकार नसेल तर आदेश १६, नियम ६ खाली अधिकाऱ्यावर समन्स काढून घ्या. खर्च कोर्टात भरावा लागतो. फौजदारी खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे.

अर्जात जावक क्रमांक, तारीख, कार्यालय आणि तो कागद दाव्यातल्या कोणत्या मुद्द्याला लागतो, हे लिहा. ‘संपूर्ण फाईल मागवावी’ असं मोघम लिहिलेला अर्ज टिकणं कठीण.

खरी लढाई इथून पुढे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२९ (जुन्या पुरावा कायद्याचं १२३) राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित नोंदींना संरक्षण देतं; खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय त्या पुराव्यात देता येत नाहीत. पण ‘गोपनीय’ शिक्का पुरेसा नाही. मंत्र्याचं किंवा सचिवाचं शपथपत्र मागा. कागद स्वतः वाचला का, तो उघड झाल्याने नेमकी कोणती हानी होईल, हे त्यात हवं. राज नारायण प्रकरणात (१९७५) पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेचं ‘ब्लू बुक’ मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते हजर करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला खरा, पण शपथपत्राने समाधान झालं नाही तर न्यायाधीश कागद स्वतः पाहू शकतात, हेही सांगितलं. माझ्या मते अर्जदाराच्या हाती यापेक्षा धारदार हत्यार नाही. याच अधिनियमाच्या कलम १६५ नुसार सरकारची हरकत असली तरी कागद कोर्टात आणावाच लागतो. हरकतीचा निर्णय कोर्ट करतं. मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यातला पत्रव्यवहार मात्र मागवताच येत नाही.

सरकारने सीलबंद लिफाफा पुढे केला, म्हणजे कागद फक्त न्यायाधीशांना दाखवला आणि तुम्हाला नाही, तर लेखी हरकत घ्या. मीडिया वन वाहिनीच्या खटल्यात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर टीका केली होती. नाजूक मजकूर झाकून उरलेला कागद द्यावा, अशी पर्यायी विनंती त्याच अर्जात करून ठेवा.