नळीखालचा मुकुट

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर दुनळी बंदूक टांगलेली आहे. "पणजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत मिळाली. अस्सल लंडनची!" काका सांगतात. घोड्याजवळच्या पोलादी पट्टीवर वळणदार अक्षरांत इंग्रजी नावही आहे. पण नाव असतं गिऱ्हाइकासाठी. बंदुकीची कुंडली नळीच्या पोटाखाली असते, म्हणून मी आधी नळ्या सोडवून उलट्या केल्या.

तिथे लंबगोलात ईएलजी ही अक्षरं आणि वर इवलासा मुकुट. बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा ठसा! नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी टिकली तर ठसा मारायचा, अशी ही परीक्षा. इंग्लंडात ती लंडनला आणि १८१३च्या कायद्यानंतर बर्मिंगहॅमलाही होई. त्यांचे ठसे निराळे. शिवाय लिएजच्या ठशावर मुकुट चढला तो १८९३ मध्ये. लंडन गेलं, सत्तावन्नही गेलं. काकू हसू दाबत चहा टाकायला आत गेल्या.

मग ते नाव मागाहून कुणी कोरलं होतं का? अशी पट्टी मऊ असतानाच कोरून घेत, मग हाडाचामड्याच्या कोळशात पुरून तापवत आणि पाण्यात विझवत. वरचा पातळ थर कार्बन पिऊन टणक होई आणि त्यावर निळ्या-तपकिरी छटा उमटत. त्यानंतर कोरायला गेलं तर हत्यार घसरतं, कडा तुटतात, आणि खाचेत त्या छटा येत नाहीत. इथे मात्र पट्टी वापराने पांढुरकी पडली होती, तरी भिंगातून अक्षरांच्या तळाशी निळसर झाक स्पष्ट दिसली. म्हणजे नाव कारखान्यातलंच. बेल्जियमच्या मालावर नामांकित इंग्रजांशी मिळतीजुळती नावं घालून विकायचा धंदा तेव्हा जोरात होता. नाव फसवं, कोरीव काम मात्र अस्सल!

"मुकुटच कानशीनं घासला तर?" काकांनी हळूच विचारलं.

उपयोग नाही. ठसा ठोकताना खालचे धातूचे कणही दबतात, अक्षरांच्या खोलीच्या पुष्कळ खाली. पृष्ठभाग गुळगुळीत करून कॉपर क्लोराइड मिसळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल चोळलं, की दबलेला भाग बाकीच्या पोलादापेक्षा वेगळ्या वेगानं झिजतो आणि पुसलेला ठसा पुन्हा दिसू लागतो. पोलिसांच्या प्रयोगशाळा खोडलेले क्रमांक असेच वाचतात. घरच्या बंदुकीवर हा उद्योग करू नये. जुना मुलामा कायमचा जातो.

काकांनी नळ्या बसवल्या आणि दुनळी खुंटीला लावली, पोटाची बाजू भिंतीकडे करून.