पुरळ आजची, भानगड परवाची

मे महिन्यातली गोष्ट. माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीत गोव्यात वाळपईला आजीकडे गेलेला, एका सकाळी उठला तर उजव्या गालावर लाल पट्टा, बोटांच्या बेचक्यात पाण्याचे बारीक फोड, आणि खाज एवढी की पोरगं झोपेतसुद्धा ओरबाडत होतं. आजीचा संशय सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, कारण आदल्या रात्री त्यांचं हुमण (नारळाची आमटी) झालेलं. शेजारची काकी म्हणाली नागीण. कोणीतरी उष्णता म्हणून मोकळं झालं (आपल्याकडे उष्णता कशालाही चालते). मी फोटो बघून फोनवर विचारलं, परवा हा कुठे होता? तर बहीण वैतागली, अगं आज उठलंय तर परवाचं काय घेऊन बसलीस.

पण घोळ तिथेच असतो. सुंगटांची अ‍ॅलर्जी असती तर बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांध्या उठल्या असत्या. त्यात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, त्वचा फुगते, आणि एका जागची गांधी साधारण २४ तासांच्या आत विरून दुसरीकडे उठते. ह्याचे फोड मात्र जागचे हलत नव्हते, आणि गालावरचा पट्टा तर बोटाने रेघ ओढावी तसा. बाहेरून काहीतरी लागलंय याची ती खूण.

परवा तो काजूच्या बागेत होता. ओल्या बिया दगडाने फोडून आतला गर खाल्ला आणि त्याच हाताने गाल पुसला. काजूच्या टरफलात जो तेलकट चीक असतो त्यात कार्डॉल आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. जास्त लागलं तर तो चीक सरळ भाजतोच, पण थोडा लागला तरी दुसरा खेळ सुरू होतो. त्याचे रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, तिथल्या पहारेकरी पेशी तो ऐवज उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ओळख करून देतात. पहिल्या वेळी या ओळखपरेडीलाच दहा-पंधरा दिवस जातात, त्यामुळे बरेचदा काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी ओळखणाऱ्या पेशी तयार असतात, तरी त्या जमून सूज आणेपर्यंत एक ते तीन दिवस लागतात. भाचा गेल्या वर्षीही बागेत हुंदडला होता, तेव्हा काही झालं नाही म्हणून काजूवर कोणाचा संशयच गेला नाही.

काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे आजीला पक्कं माहीत, पण आंब्याच्या देठाचा चीकही काहींच्या ओठांना असाच उततो, आणि ज्याला एक सोसत नाही त्याला कधीकधी दुसराही सोसत नाही.

औषध म्हणाल तर चीक लागल्या लागल्या साबणाने धुणं सगळ्यात भारी. नंतर थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन, नखं कापणं. मेडिकलमधून विचारून आणलेली मिक्स क्रीम चेहऱ्यावर फासू नका, त्यात बरेचदा कडक स्टेरॉइड असतं. तोंडावर किंवा डोळ्यांजवळ सूज असेल तर डॉक्टरच.

आणि एक टेस्ट मात्र घरात सगळ्यांना यायला हवी. काचेचा पारदर्शक ग्लास लाल डागावर दाबा. डाग फिका पडला तर रक्त अजून नळ्यांमध्येच आहे. फिका पडलाच नाही तर ते त्वचेत झिरपलंय, आणि सोबत ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, तसंच निघा. ओठ सुजले, श्वास लागला, मूल मलूल पडलं तरी तेच, मग ग्लास दाबत बसू नका.

भाच्याचा गाल तीन-चार दिवसांत उतरला. पण चौथ्या दिवशी मांडीवर नवा चट्टा, आणि आजी परत घाबरली, पसरतंय म्हणून. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही, त्यात चीक नसतो. पातळ कातडीवर आधी उठतं, जाडवर उशिरा, हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण बहिणीला हाफ पँटच्या खिशात सापडलं, दोन अर्धवट फुटलेल्या बिया, रुमालात गुंडाळून ठेवलेल्या.