सिबिल अहवालातला ‘राइट-ऑफ’ आणि सात वर्षांचा गैरसमज

एका बँकेत हप्ते थकवायचे आणि दुसऱ्या बँकेतून नवे कर्ज उचलायचे, हे १९९० च्या दशकापर्यंत आपल्याकडे सहज जमत होते. बँकांना एकमेकींच्या खातेदारांची माहितीच नसे, आणि असली तरी गोपनीयतेच्या बंधनामुळे ती देता येत नसे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी गटाने १९९९ मध्ये यावर पतमाहिती कंपनीचा, म्हणजे सगळ्या बँकांकडून कर्जफेडीची माहिती गोळा करून ती पुरवणाऱ्या संस्थेचा, उपाय सुचवला. २००० मध्ये सिबिल ही अशी कंपनी स्थापन झाली. २००४ मध्ये वैयक्तिक कर्जांची माहिती मिळू लागली, तरी सुरुवातीला ग्राहकाच्या संमतीवर सगळे अडत होते. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याने ती अडचण संपवली. माहिती देणे बँकांना बंधनकारक झाले आणि स्वतःचा अहवाल पाहण्याचा व चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला.

त्याच सुमारास थकबाकीचे नियमही कडक झाले. मार्च २००४ पासून ९० दिवस हप्ता थकला की कर्जखाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. आधी ही मुदत १८० दिवसांची होती. एनपीए खात्यासाठी बँकेला नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. तारण नसलेल्या कर्जात ही तरतूद लवकरच शंभर टक्क्यांवर जाते. मग ते ताळेबंदात ठेवून बँकेला फायदा नसतो, म्हणून ती ते राइट-ऑफ करते, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकते. हा हिशेबातला बदल आहे. येणे रद्द होत नाही, वसुलीचा हक्क जात नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ च्या परिपत्रकात हे स्पष्टच लिहिले आहे. तरीही ‘राइट-ऑफ झाले, सुटलो’ म्हणणारे भेटतातच.

सगळ्यात चिवट गैरसमज सात वर्षांचा, म्हणजे तेवढ्या काळाने राइट-ऑफचा शेरा अहवालातून आपोआप जातो हा. अमेरिकेत क्रेडिट कार्डाची बाकी १८० दिवस थकली की चार्ज-ऑफ (तिथले राइट-ऑफ) होते, आणि १९७० च्या तिथल्या कायद्यानुसार साधारण सात वर्षांनी ती नोंद अहवालातून काढावी लागते. आपल्याकडे सात वर्षे म्हणजे पतमाहिती कंपनीने माहिती जपण्याची किमान मुदत. तिथली मुदत कमाल आहे, इथली किमान. सात वर्षे झाली की शेरा आपोआप जाईल या भरवशावर बसणे म्हणूनच धोक्याचे.

अहवालात आधी त्या खात्यापुढची राइट-ऑफ रक्कम पाहा, एकूण आणि मुद्दल वेगवेगळी. नंतर कर्ज आज कोणाकडे आहे ते शोधा, कारण बँका अशी खाती थकीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात आणि विकलेल्या खात्याचे पैसे जुन्या बँकेत भरले की घोळ होतो. पूर्ण रक्कम भरून ना-देय प्रमाणपत्र घेतलेले उत्तम. घासाघीस करून कमी रकमेत मिटवले तर ‘सेटल्ड’ किंवा ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचा कर्ज देणारा तो थकबाकीइतकाच संशयाने पाहतो. शिवाय तडजोडीनंतर त्याच संस्थेकडून नवे कर्ज मिळायला शेतीकर्ज सोडून किमान १२ महिने थांबावे लागते. वसुली एजंटाचा फोनवरचा शब्द पुरत नाही. रक्कम, तारीख आणि भरल्यावर कोणता शेरा कळवणार, हे संस्थेच्या लेटरहेडवर घ्या.

जुन्या कर्जात मुदतीचा कायदाही बघावा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली की मोजणी नव्याने सुरू होते, आणि संपल्यानंतरही सही करून ‘फेडतो’ असे लिहून दिले तर करार कायद्याच्या कलम २५ खाली दावा करता येतो. मुदत संपली म्हणून शेरा मात्र पुसला जात नाही.

पैसे भरूनही नोंद बदलली नाही तर पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवा. जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे दोन-तीन महिने ‘अपडेट व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर चालत नाही. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. बँकेला यातले २१ दिवस मिळतात, त्यापुढची दिरंगाई तिच्या खात्यावर. तरीही हालचाल नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही मागवा. एकीकडे सुधारलेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली अनेकदा सापडते.