बक्षीसपत्रातली एक ओळ : आई-वडिलांच्या चरितार्थाच्या कायद्यामागचा इतिहास

प्रांत कार्यालयात सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेली म्हातारी माणसं चटकन ओळखू येतात. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं बक्षीसपत्र. घर मुलाच्या नावावर करून दिलेलं असतं आणि आता त्याच घरात स्वयंपाकघराला कुलूप असतं. या माणसांना प्रांतांपुढे उभं राहता येतं ते २००७ च्या एका कायद्यामुळे. तो यायला फार वेळ लागला, आणि येतानाही तो अर्धाच आला.

इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं कलम होतं, पण ते बायको-मुलांपुरतं. आई-वडिलांचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हाताऱ्यांना घरचे सांभाळतातच, असं गृहीत धरलेलं होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही वृद्ध आई-वडिलांची जबाबदारी टाकली. मात्र त्यासाठी दिवाणी दावा लावायचा. सत्तरीच्या माणसाने दिवाणी दाव्याचा निकाल पाहायला जगायचं तरी किती? अखेर १९७३ च्या नव्या संहितेतल्या कलम १२५ मध्ये आई-वडील आले, आणि ते सगळ्या धर्मांसाठी.

या कलमाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याकडचा आहे. कल्याणला डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली. कलमातलं सर्वनाम पुल्लिंगी आहे, म्हणून जबाबदारी फक्त मुलाची, असा मुलीच्या बाजूचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. लग्न होऊन सासरी गेली म्हणून मुलगी मुलगी असायची थांबत नाही, हे तेव्हा कायद्यात पक्कं झालं. पोटगीवर महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती मात्र २००१ पर्यंत हटली नाही.

दरम्यान सरकारचं लक्ष होतं ते अनुदानावर. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना. नाव श्रावणबाळाचं, पण कावड शासनाच्या खांद्यावर! ज्याला घरच्यांनी टाकलं त्याला चार पैसे मिळाले; टाकणाऱ्याला कुणी विचारलं नाही. तो प्रश्न आधी हिमाचल प्रदेशाने विचारला, १९९६ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहाचं वेगळं विधेयक मंजूर करून. १९९९ मध्ये केंद्राचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. मीरा कुमार सामाजिक न्यायमंत्री असताना २००७ मध्ये संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा मंजूर केला.

यात कोर्टाऐवजी उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांतांच्या, दर्जाचं न्यायाधिकरण ठेवलं. अर्ज साधा, वकिलाची गरज नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठालाही, ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्या नातेवाइकाकडे चरितार्थ मागता येतो. कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. महाराष्ट्राने याचे नियम २०१० मध्ये केले.

पण खरा जीव आहे तो कलम २३ मध्ये. आपला सांभाळ होईल या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येतं. अडचण ‘अटी’शी आहे. आपल्याकडची बक्षीसपत्रं वाचा. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणत्याही दबावाखाली न येता’ असा ठरीव मजकूर असतो. मुलगा सांभाळील ही ओळ नसते. आई ती लिहून मागत नाही, कारण मागणं म्हणजे पोटच्या पोरावर अविश्वास दाखवणं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं, आणि कितीतरी म्हाताऱ्यांचा पाय तिथेच अडकला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला. तिच्याकडे बक्षीसपत्राबरोबर मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, असं सांगून न्यायालयाने मालमत्ता तिला परत द्यायला लावली. त्या एका कागदाने तिला तारलं.

ज्यांच्याकडे द्यायला घरच नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. मारहाण, शिवीगाळ, औषध न देणं, खोलीत कोंडणं यासाठी या कायद्यात वेगळी तरतूद नाही. म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढंच. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम सरकारने काढावा असं कलम आहे, पण त्यातला शब्द ‘काढू शकेल’ असा आहे, ‘काढलाच पाहिजे’ असा नाही. छळ सोसणाऱ्या आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार आहे. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका आई-मुलीच्या प्रकरणात त्यातला ‘प्रौढ पुरुष’ हा शब्दप्रयोग रद्द झाल्यावर सुनेविरुद्धही तक्रार करता येऊ लागली. वडिलांना तो दरवाजा अजूनही बंद आहे.

आसामने २०१७ मध्ये, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात करायचा कायदा केला. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने अशा कर्मचाऱ्यांच्या पगारातले ३० टक्के थेट आई-वडिलांच्या खात्यात वळते करायचं ठरवलं. म्हाताऱ्याने कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आणि पोटच्या पोरासमोर उभं राहून मागायचं, हे त्यातून टळतं, म्हणून मला हा मार्ग मोलाचा वाटतो.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयक आणलं. त्यात सून-जावयालाही जबाबदार धरलं होतं आणि चरितार्थाची कमाल मर्यादा काढून टाकली होती. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, पण ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच संपुष्टात आलं. प्रांतांना आजही महिना १०,००० च्या वर एक रुपया मंजूर करता येत नाही.