एसटीडीबीचा अर्ज: पामच्या बागेची नोंद नेमकी कुठे अडते

इंडोनेशियात तेल देणाऱ्या पामखालची सुमारे ४० टक्के जमीन छोट्या बागायतदारांकडे आहे. २५ हेक्टरपेक्षा कमी बाग असलेल्याने जिल्ह्याकडे तिची नोंद करून घ्यायची, असा तिथल्या कृषी मंत्रालयाचा २०१३ चा नियम आहे. त्या नोंदीचा कागद म्हणजे ‘सुरात तांदा दाफ्तार बुदिदाया’, सगळ्यांच्या तोंडी एसटीडीबी. तिथल्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या किंवा तिथून तेल घेणाऱ्या मराठी मंडळींना हा शब्द रोज ऐकू येतो, आणि बहुतेक जण त्याला ‘तिथला सातबारा’ समजतात. तिथूनच घोळ सुरू होतो.

एसटीडीबीने मालकी सिद्ध होत नाही. आपल्याकडची तुलना द्यायचीच तर ती पीक पाहणीशी द्या: कोणाची बाग, कुठे, किती, झाडं कधी लावली, रोपं कुठून आणली, फळांचे घड कोणत्या गिरणीला जातात. पण मालकीचा पुरावा नसताना एसटीडीबी मिळतही नाही, आणि ती नसेल तर आयएसपीओ या सरकारी शाश्वत प्रमाणपत्राकडे जाता येत नाही.

कागद देतो बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा निवडून आलेला प्रमुख. प्रत्यक्षात सही बागायत खात्याच्या प्रमुखाची असते. या खात्याला ‘दिनास’ म्हणतात. फी शून्य. मग अडचण काय? खात्याकडे बागा पायी फिरणारी माणसं नाहीत. म्हणून हे काम जिल्हा आणि सेवाभावी संस्था मिळून करतात. बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमांतान प्रांतातल्या सेरुयान आणि कोतावारिंगिन बारात जिल्ह्यांत इनोबू ही संस्था बागायतदारांची मोजणी आणि नोंदणी यांत जिल्ह्यांसोबत राहिली. सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतातल्या उकुईत ‘अमानाह’ या बागायतदार संघाला २०१३ मध्ये आरएसपीओ या आंतरराष्ट्रीय मंचाचं शाश्वत पामतेलाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यामागे डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेची मदत होती.

संस्थेसाठी पायऱ्या सोप्या आहेत. कायदा मंत्रालयाकडची नोंदणी, जिल्ह्याशी सामंजस्य करार, त्याखाली खात्याशी कामाचा करार. परदेशी संस्थेला त्याआधी जकार्तात परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी. कामाच्या कराराला तिथे पीकेएस म्हणतात आणि पामच्या गिरणीलाही पीकेएसच म्हणतात, त्यामुळे ‘पीकेएस झाली का?’ या प्रश्नावर बैठकीत दोन माणसं दोन वेगळी उत्तरं देत बसतात. खरी मेख पुढेच आहे: सामंजस्य करारावर बुपातीसोबत फोटो निघतो, कामाचा करार मागे राहतो, आणि संस्थेची मुलं मोजणीला निघतात. मग खात्याचा माणूस सोबत नसताना घेतलेली मोजणी खातं मानत नाही. सगळ्या बागा पुन्हा फिरा. दिनासचा एक तरी कर्मचारी पहिल्या दिवसापासून सोबत हवा. त्याच्या भत्त्याचा प्रश्न आला तर पामच्या महसुलातला जिल्ह्याचा वाटा आठवून द्या. २०२३ पासून तो जिल्ह्यांना मिळतो आणि त्यातला काही भाग बागायतदारांच्या माहिती गोळा करण्यावर खर्च करता येतो. हे खात्यातल्याच लोकांना सांगावं लागतं, याचा कंटाळा येतो, पण सांगा.

आता बागायतदाराचे कागद. ओळखपत्र (केटीपी) आणि कुटुंबपत्र सगळ्यांकडे असतं. जमिनीचा कागद हे खरं दुखणं. पक्कं मालकी प्रमाणपत्र थोड्यांकडे असतं. बाकीच्यांकडे गावप्रमुखाने दिलेला जमिनीचा दाखला, ज्याला एसकेटी म्हणतात. तो अनेकदा वारलेल्या वडिलांच्या किंवा ज्याच्याकडून जमीन घेतली त्याच्या नावावर असतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलेल्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अर्ज भरण्याआधी गावप्रमुखाकडून नाव दुरुस्त करून घ्या. जावाहून सरकारी वसाहतींत आलेल्या कुटुंबांचं प्रमाणपत्र कधी बँकेत तारण असतं; तिथून शिक्क्याची प्रत आणि पत्र आणा, नुसती झेरॉक्स घेऊन खिडकीवर जाऊ नका.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘कावासान हुतान’, कागदावरचं वनक्षेत्र. तिथे झाड आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मशीद, शाळा, तीस वर्षांची बाग असलेलं गावही नकाशावर जंगलात असू शकतं. अशा जमिनीला एसटीडीबी मिळत नाही, एसकेटी कितीही खरा असला तरी. पाच हेक्टरपर्यंतची जमीन कसणाऱ्या आणि सलग पाच वर्षं तिथेच राहिलेल्या कुटुंबाला २०२० च्या कायद्याने दंडातून सूट आहे, पण जमीन वनक्षेत्रातून सोडवण्याचा रस्ता वेगळा आणि लांब आहे. म्हणून क्रम उलटा करा: आधी वननकाशावर गाव ठेवून पाहा, मग अर्ज वाटा. अर्ज भरून घ्यायचे, आशा लावायची आणि वर्षभराने नकाशा उघडायचा, हा संस्थांचा सगळ्यात क्रूर आळस आहे. जे वनक्षेत्रात येतात त्यांना पहिल्याच सभेत तसं सांगा.

मोजणीत फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. दाट झावळ्यांखाली हद्द सरकते. आणि उणे चिन्ह तपासा. सेरुयान विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. अक्षांशापुढचं उणे गळलं की बाग थेट मलेशियातल्या सारावाकमध्ये जाऊन बसते. हसू येतं, पण अर्ज परत येतो.

रोपांच्या उगमाच्या रकान्यात पुष्कळ जण घाबरून नामवंत रोपवाटिकेचं नाव लिहितात. करू नका. फळ कापलं की जाड कवचाचं दुरा कोणतं आणि चांगल्या रोपवाटिकेचं, पातळ कवचाचं तेनेरा कोणतं, हे कोणीही ओळखतं. फेरीवाल्याकडून घेतली असतील तर तसंच लिहा. गिरणीच्या रकान्याचंही तेच: घड दलाल उचलत असेल तर तो ते कुठे टाकतो हे आधी त्यालाच विचारा.

तारखांचा गोंधळ वेगळाच. एसटीडीबीला शेवटची तारीख नाही. छोट्या बागायतदारांना आयएसपीओ २०२५ पासून सक्तीचं होणार होतं. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षीय नियमाने ते चार वर्षं पुढे, २०२९ वर गेलं. आणि युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमातली ३१ डिसेंबर २०२० ही अर्जाची मुदत नव्हे. त्या दिवसानंतर जंगल तोडून लावलेल्या बागेचं तेल तिथे चालत नाही, इतकाच तिचा अर्थ. नियम लागू होण्याची तारीख पुढे सरकली म्हणून हीही सरकली, असं सांगणारा दलाल भेटेल. ती जागची हललेली नाही. त्याच नियमात चार हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्याची पूर्ण हद्द लागते, लहानाला एक बिंदू पुरतो. तरी पूर्ण हद्दच घ्या, दुसऱ्यांदा फिरण्याचा त्रास वाचतो.

कागद हातात आला की नावाचं स्पेलिंग तिथेच, खिडकीसमोर ओळखपत्राशी ताडून पाहा. बाग चालू आहे तोवर तो चालतो. विकली, वाटणी झाली किंवा झाडं नव्याने लावली तर नोंद बदलून घ्या.